घर, टॅग आणि संमती : इलेक्ट्रॉनिक देखरेखीखालील गृहकैदेचा इतिहास

प्रस्तावना

आग्र्याच्या नजरकैदेची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते. १६६६ साली औरंगजेबाने शिवाजी महाराजांना तुरुंगात टाकले नव्हते. ते ज्या ठिकाणी उतरले होते, त्याच्याभोवती पहारे बसवले होते. 'नजरकैद' या शब्दाची रचनाही तेच सांगते. इथे भिंत माणसाला कोंडत नाही, नजर कोंडते. त्या काळी ही नजर पहारेकऱ्याची होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती रेडिओलहरी पाठवणाऱ्या एका लहानशा यंत्राची झाली आणि ते यंत्र गुन्हेगाराच्या घोट्यावर बसले. प्रस्तुत घटकात आपण या बदलाचा इतिहास पाहणार आहोत.

या विषयावरील बहुतेक लेखन यंत्राच्या अंगाने जाते. ते कोणी शोधले, कोणत्या देशात कधी आले, किती तुरुंगखर्च वाचला, असे त्याचे स्वरूप असते. ही माहिती आवश्यक आहे आणि आपण ती पाहूच. परंतु गृहकैदेत यंत्राइतकाच दुसरा एक घटक असतो, तो म्हणजे घर. तुरुंगात शासन जागा देते, अन्न देते, पहारेकरी देते. गृहकैदेत जागा आई-वडिलांची किंवा पत्नीची, स्वयंपाक त्यांचा, वीजबिल त्यांचे आणि पुष्कळदा पहाराही त्यांचाच. शिक्षा एकाला होते, पण ती भोगायची जागा चौघांची असते. मग त्या चौघांना आधी विचारले जाते का? काय सांगून विचारले जाते? नाही म्हणण्याची सोय असते का? गुन्हेगाराला आणि त्याच्या घराला या शिक्षेसाठी तयार करण्याची पद्धत देशोदेशी कशी घडत गेली, हा या टिपणाचा मुख्य विषय आहे. भारतात याविषयीचे नियम अजून आकार घेत असल्याने तो आपल्यासाठी केवळ परदेशाचा इतिहास नाही.

यंत्राची सुरुवात : शिक्षेसाठी नव्हे, शाबासकीसाठी

इलेक्ट्रॉनिक देखरेखीची कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणली ती राल्फ आणि रॉबर्ट श्विट्झगेबेल या जुळ्या भावांनी. १९६० च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ते मानसशास्त्राचे काम करीत होते. बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादाचा त्यांच्यावर प्रभाव होता. चांगल्या वागण्याला लगेच दाद मिळाली की ते वागणे टिकते, असे हा विचार मानतो. केंब्रिज आणि बॉस्टनच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या, किरकोळ गुन्हे करणाऱ्या तरुणांशी राल्फ यांचा संबंध होता. असा तरुण वेळेवर कामावर पोहोचला, शाळेत गेला, तर ते लांबून कळावे आणि त्याला तत्काळ शाबासकी पोहोचवावी, यासाठी त्यांनी लष्कराच्या जुन्या सामानातून एक यंत्रणा उभी केली. अंगावर बांधायचे ते यंत्र चांगलेच अवजड होते. १९६९ साली या यंत्रणेला अमेरिकेत पेटंट मिळाले.

हे यंत्र वापरात रुळले नाही, पण त्यामागचा हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज ज्याला आपण पायातली बेडी म्हणून ओळखतो, त्याचा जन्म बक्षिसाच्या कल्पनेतून झाला होता. पुढे या दोन्ही भावांनी आडनाव बदलून गेबल असे केले. आपल्या कल्पनेचा वापर केवळ चूक पकडण्यासाठी होतो, याविषयीची नाराजी त्यांनी नंतरच्या लेखनात व्यक्त केली आहे.

१९८३ : न्यू मेक्सिको आणि फ्लोरिडा

दुसरी सुरुवात वेगळ्या परिस्थितीत झाली. फेब्रुवारी १९८० मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथील तुरुंगात भीषण दंगल झाली आणि ३३ कैदी मारले गेले. त्याच राज्यातील आल्बुकर्कीचे न्यायाधीश जॅक लव्ह यांना लहान गुन्ह्यांतील माणसांना अशा ठिकाणी पाठवणे पटत नव्हते. १९७७ साली वर्तमानपत्रातील 'स्पायडरमॅन'च्या चित्रपट्टीत त्यांनी एक प्रसंग पाहिला होता. खलनायक नायकाच्या मनगटात असा पट्टा अडकवतो की तो कोठेही गेला तरी कळावे. लव्ह यांनी संगणक विकणाऱ्या मायकेल गॉस यांना गाठले आणि असा पट्टा करता येईल का, असे विचारले. गॉस यांनी नोकरी सोडून कंपनी काढली. एप्रिल १९८३ मध्ये, आधी स्वतः पट्टा घालून पाहिल्यानंतर, लव्ह यांनी परिवीक्षेच्या अटी मोडलेल्या एका तीस वर्षांच्या माणसाला तो महिनाभरासाठी घालण्याचा आदेश दिला. न्यायालयाच्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक देखरेखीत ठेवलेला हा पहिला माणूस मानला जातो.

गॉस यांची कंपनी फार दिवस चालली नाही. हे काम कोलोराडोमधील बोल्डर येथील बीआय या कंपनीकडे गेले. दूधव्यवसायातील गायींवर रेडिओ उपकरणे लावून त्यांची नोंद ठेवणे हा या कंपनीचा मूळ धंदा होता. ही माहिती वर्गात सांगितली की हशा पिकतो. पण गोठ्याचे तंत्रज्ञान घरात आले तेव्हा गोठ्यासाठी ज्यांचा विचार करावा लागत नव्हता ती माणसे घरात होती, हे त्यातून नेमके दिसते.

त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने कायदा करून 'कम्युनिटी कंट्रोल' ही शिक्षा आणली. ती म्हणजे घरातच राहण्याची शिक्षा. सुरुवातीस ती यंत्राविना होती, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या वारंवार भेटींवर चालायची. थोड्याच काळात की वेस्ट आणि पाम बीच येथे तिला यंत्राची जोड मिळाली. यामागचे कारण साधे होते. अमेरिकेतील राज्य व संघ तुरुंगांतील कैद्यांची संख्या १९८० साली सव्वातीन लाखांच्या आसपास होती, ती १९९० पर्यंत पावणेआठ लाखांवर पोहोचली. तुरुंग बांधायला पैसा आणि वेळ लागतो. पट्टा लगेच लावता येतो. १९८७ च्या फेब्रुवारीतील एका सरकारी मोजणीत देशभर ८२६ माणसे अशा देखरेखीत होती. वर्षभराने, १९८८ मध्ये, ३३ राज्यांत मिळून ती सुमारे २,३०० झाली.

टेलिफोनची तार आणि घरातली शिस्त

या पहिल्या पिढीतील यंत्रे कशी चालत हे समजून घेतले नाही, तर घराची तयारी म्हणजे काय ते कळणार नाही. यंत्रणा दोन प्रकारच्या होत्या. पहिल्या प्रकारात कार्यालयातील संगणक अवेळी घरी फोन करी. गुन्हेगाराने फोन उचलून आपले नाव सांगायचे किंवा मनगटावरचा पट्टा फोनला जोडलेल्या खोबणीत बसवायचा. दुसऱ्या प्रकारात घोट्यावरचा टॅग सतत संदेश पाठवी आणि घरातल्या फोनला जोडलेली पेटी तो पकडे. माणूस पेटीच्या टप्प्याबाहेर, म्हणजे साधारण दीडशे फुटांपलीकडे गेला, की पेटी आपोआप संगणकाला फोन करी.

दोन्ही प्रकारांत घरचा एकुलता एक टेलिफोन हा तुरुंगाचा दरवाजा झाला. त्यामुळे घराला पहिली अट फोनचीच. फोन असला पाहिजे, त्याचे बिल वेळेवर भरलेले असले पाहिजे, त्यावर कॉल पुढे पाठवण्याची किंवा थोपवून धरण्याची सोय नसावी आणि घरातल्या कोणीही लांबण लावून बोलू नये. मुलीने मैत्रिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि त्याच वेळी संगणकाचा फोन आला, तर शंका बापावर. पहिल्या प्रकारात मध्यरात्रीचा फोन सगळ्या घराला उठवी. शिक्षा न झालेल्या माणसांच्या वागण्यावर इतक्या बारीक अटी घालणारी दुसरी शिक्षा आधुनिक कायद्यात सापडणे कठीण.

पेटी बसवण्याचे कामही दिसते तितके सोपे नव्हते. लोखंडी पलंग, मोठे फ्रीज, आरसे, धातूचा न्हाणीघरातला टब यांमुळे लहरी अडत आणि माणूस घरातच असताना तो बाहेर गेल्याची नोंद होई. म्हणून बसवणारा माणूस गुन्हेगाराला घरभर फिरवून पाहतो. स्वयंपाकघर, जिना, न्हाणीघर, मागचे दार, सगळीकडे उभे करून टप्पा ठरवतो. पेटी एकदा ठेवली की ती हलवायची नाही, तिचा प्लग काढायचा नाही, तिच्यावर पाणी सांडू द्यायचे नाही. झाडलोट करणाऱ्याला, खेळणाऱ्या लहान मुलांना, आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना हे आधी समजावून सांगावे लागते. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. आपल्या घराचा आराखडा कागदावर काढा, पेटी कोठे ठेवाल ते ठरवा, आणि मग घरातल्या प्रत्येकाचा सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस त्या पेटीभोवती लिहून काढा. शौचालय घराबाहेर किंवा मजल्याच्या टोकाला असेल, तर पहिल्याच ओळीत अडचण येईल.

स्वीडन : तयारी हीच शिक्षेची पहिली पायरी

घराची तयारी ही बाब सर्वात नेटकेपणाने बांधली ती स्वीडनने. तेथे १९९४ साली सहा भागांत प्रयोग सुरू झाला, १९९७ मध्ये तो देशभर नेला आणि १९९९ पासून कायमचा झाला. प्रयोगाच्या काळात तो दोन महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासासाठी होता, देशव्यापी झाल्यावर तीन महिन्यांपर्यंत आणि २००५ पासून सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेसाठी. यातील मोठा वर्ग दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा होता.

तेथील व्यवस्थेत न्यायालय गृहकैद ठोठावत नाही. न्यायालय तुरुंगवासच देते. त्यानंतर माणसाला कळवले जाते की हवे असल्यास ही शिक्षा घरी भोगण्यासाठी अर्ज करता येईल. अर्ज आला की परिवीक्षा विभाग चौकशी करतो. राहते घर आहे का, फोन आहे का, नोकरी, शिक्षण किंवा अन्य ठराविक काम आहे का? आणि सोबत राहणाऱ्या प्रौढ माणसांची याला संमती आहे का? संमती नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. संमती मिळाल्यावर आठवड्याचे वेळापत्रक तयार होते. कामावर निघण्याची वेळ, प्रवासाचा वेळ, किराणा आणण्याचा वेळ, व्यसनमुक्तीच्या बैठकीचा वेळ, सगळे त्यात नोंदलेले. दारू पूर्ण वर्ज्य. अधिकारी न सांगता घरी येतात आणि श्वासाची तपासणी करतात. कमावत्या माणसाला गुन्ह्यातील पीडितांसाठीच्या निधीत रोज ५० क्रोनर भरावे लागत.

अटी कडक, पण आरंभीच्या वर्षांत बहुतेकांनी ही शिक्षा पूर्ण केली. याचे श्रेय पुष्कळदा तंत्रज्ञानाला दिले जाते. माझ्या मते ते पूर्ण बरोबर नाही. ज्याला घर आहे, नोकरी आहे आणि घरच्यांची तयारी आहे अशाच माणसाला निवडायचे ठरवले, तर अर्धे काम निवडीतच झालेले असते. यातून उलट बाजूचा प्रश्नही उभा राहतो. ज्याला घर नाही, ज्याची नोकरी सुटली आहे, ज्याच्याशी घरच्यांनी संबंध तोडले आहेत, तो त्याच गुन्ह्यासाठी तुरुंगातच जातो.

इंग्लंड : सही कोणाची, परत जाणार कोण

इंग्लंडमध्ये टॅगचा पुरस्कार प्रथम केला तो टॉम स्टेसी या पत्रकार-कादंबरीकाराने. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी यासाठी संघटना स्थापन केली. १९८९ साली नॉटिंगहॅम, नॉर्थ टाइनसाइड आणि लंडनमधील टॉवर ब्रिज या तीन ठिकाणी जामिनावरील आरोपींवर सहा महिने प्रयोग झाला. अवघे ५० जण त्यात आले आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांनी अटी मोडल्या किंवा त्यांच्यावर नवा गुन्हा नोंदला गेला. प्रयोग फसला असेच बहुतेकांचे मत झाले. तरीही १९९१ च्या फौजदारी न्याय कायद्यात टॅगसह संचारबंदीची तरतूद झाली आणि १९९५ पासून मँचेस्टर, नॉरफोक व रेडिंग येथे नव्याने प्रयोग सुरू झाले. कारण पुन्हा तेच होते, तुरुंगांतील गर्दी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची योजना २८ जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली. तीन महिन्यांहून अधिक आणि चार वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या कैद्याला शेवटचे ६० दिवसांपर्यंत आधी सोडायचे आणि रोज साधारण बारा तास घरात टॅगखाली ठेवायचे, अशी ती होती. सोडण्याचा निर्णय तुरुंगाचा, पण त्याआधी परिवीक्षा अधिकारी घराची चौकशी करी. घरमालक किंवा घर ज्याच्या नावावर भाड्याने आहे ती व्यक्ती राजी आहे का, घरात आधीच्या हिंसाचाराची बळी ठरलेली व्यक्ती राहते का, लहान मुलांना धोका आहे का, हे पाहिले जाई. पहिल्या सोळा महिन्यांत एकवीस हजारांहून अधिक कैदी या मार्गाने बाहेर आले आणि सुमारे पाच टक्क्यांनाच परत बोलवावे लागले. आकडा चांगला आहे.

परंतु कायद्यातील एक तरतूद पाहा. अटी मोडल्यास परत तुरुंगात, हे समजण्यासारखे आहे. त्यासोबत दुसरेही कारण होते. ठरलेल्या जागी इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवणे शक्य उरले नाही, तरी कैद्याला परत बोलावता येई. घरच्यांनी 'आता आम्हांला हे नको' असे म्हटले आणि दुसरी जागा मिळाली नाही, तर मुलाची काही चूक नसतानाही तो परत तुरुंगात जाण्याची वेळ येऊ शके. कागदावर आई संमती मागे घेऊ शकते, प्रत्यक्षात तिच्या हातात आपल्याच मुलाला तुरुंगात धाडण्याचा अधिकार आलेला असतो. असा अधिकार किती आया वापरतील? भांडण झाले, पैसे मागितले, हात उगारला, तरी बोलायचे कोणापाशी? म्हणून संमती एकदाच, दारात उभे राहून घेतलेली पुरत नाही, हा धडा इंग्लंडमधील परिवीक्षा अधिकाऱ्यांना अनुभवातून मिळाला. २००७ पासून ज्यांना स्वतःचा पत्ता नाही अशांसाठी शासनाने भाड्याची घरे पुरवण्याची सोय सुरू केली. तिचा एक फायदा असा की घरच्यांवरील ओझे काहीसे कमी झाले.

टॅग बसवण्याचे काम इंग्लंडने खाजगी कंपन्यांना दिले होते. २०१३ साली उघड झाले की जी४एस आणि सर्को या दोन मोठ्या कंपन्यांनी सरकारला भरमसाट जास्त बिले लावली होती. ज्यांचा टॅग कधीच काढला गेला होता, जे परत तुरुंगात गेले होते, एवढेच नव्हे तर जे मरण पावले होते अशांच्या देखरेखीचेही पैसे त्यात होते. दोन्ही कंपन्यांनी मिळून १७ कोटी पौंडांहून अधिक रक्कम परत केली.

न्यूझीलंड : घरच्यांना काय सांगायचे, हे कायद्यात

न्यूझीलंडमध्ये १९९५ साली लहानसा प्रयोग झाला आणि १९९९ पासून गृहकैद देशभर लागू झाली. आरंभी ती तुरुंगवासाची पर्यायी अंमलबजावणी होती. ऑक्टोबर २००७ पासून ती स्वतंत्र शिक्षा झाली, किमान १४ दिवस आणि कमाल १२ महिने.

त्यापूर्वीच एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. अनिता गिब्ज आणि डेनिस किंग या संशोधकांनी गृहकैदेतील माणसांशी आणि त्यांच्या 'प्रायोजकांशी' मुलाखती घेतल्या. प्रायोजक म्हणजे ज्यांनी आपल्या घरात त्यांना ठेवून घ्यायचे मान्य केले ते, आणि हे प्रायोजक मुख्यतः बायका होत्या. पत्नी, आई, मैत्रीण. बाहेरची सगळी कामे त्यांच्यावर आली. बाजार, मुलांची शाळा, दवाखाना, अधिकाऱ्यांशी फोन. घरात सदैव बसलेल्या माणसाची चिडचिड सोसणे आणि तो नियम मोडू नये म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवणे हेही आले. पगार न मिळणारी पहारेकरी, असे या भूमिकेचे वर्णन करता येईल. गंमत अशी की यांतील अनेकींना तरीही गृहकैदच हवी होती. मुलांना बाप डोळ्यांसमोर राहतो, भेटीसाठी तुरुंगाच्या दारात तासन्‌तास बसावे लागत नाही, संसार मोडत नाही, ही त्यांची कारणे होती. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. एकच बाजू घेऊन लिहिणारे अभ्यासक तिथे चुकतात.

२००७ च्या दुरुस्तीने कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये स्पष्ट लिहिली. घरातील संबंधित व्यक्तींना गुन्हेगाराच्या सध्याच्या व पूर्वीच्या गुन्ह्यांचे स्वरूप सांगायचे, अटी समजावून द्यायच्या, संमती घ्यायची आणि ती पुढे केव्हाही मागे घेता येईल हेही सांगायचे. यातील पहिला मुद्दा सर्वात अवघड. मुलाने काय केले हे आईला पुष्कळदा अर्धवटच माहीत असते. 'मारामारी झाली' एवढेच तिला सांगितलेले असते. पूर्ण माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे, असे कायद्याने मानले. पण माहिती दिल्यावर घरातले नाते पूर्वीसारखे राहत नाही, याचा विचार अधिकाऱ्यालाच करावा लागतो. म्हणून अनुभवी अधिकारी आधी त्या माणसाला म्हणतात, 'तुम्ही स्वतः सांगा, मी नंतर येतो.'

भारत : जुनी हजेरी, नवा टॅग

भारतात राहत्या जागेशी माणसाला बांधून ठेवण्याची मोठी व्यवस्था यंत्राआधी शंभर वर्षे होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींची नोंदणी केली, त्यांच्यावर हजेरी लादली, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी केली आणि त्यांच्या घरांची तपासणी करण्याचे अधिकार दिले. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ च्या नव्या कायद्याने देशभर लागू करता आला. मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती झाल्या. ऑगस्ट १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त झाल्या. येथे गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती, मग घरच्यांच्या संमतीचा प्रश्न कुठून येणार? घर हेच संशयित होते. म्हणून भारतात देखरेखीच्या कोणत्याही नव्या साधनाची चर्चा करताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यात घराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यानुसार गुन्हेगाराला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्यापूर्वी त्याला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याची निश्चित जागा किंवा नियमित काम आहे, याची खात्री न्यायालयाने करायची असते. परिवीक्षा अधिकाऱ्याची गृहभेट आणि त्याचा अहवाल ही पद्धत त्यातून रुळली.

इलेक्ट्रॉनिक देखरेखीचा विचार मात्र अलीकडचा. विधी आयोगाने मे २०१७ च्या २६८ व्या अहवालात तिची चर्चा केली आणि ती फार जपून, गंभीर गुन्ह्यांत व पूर्वी तशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांसाठीच वापरावी असे म्हटले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौतम नवलखा यांना प्रकृतीच्या कारणास्तव नवी मुंबईत नजरकैदेत ठेवण्याची परवानगी दिली. टॅग नव्हता. खोल्यांबाहेर आणि येण्याजाण्याच्या दारांवर सीसीटीव्ही कॅमेरे होते, पोलिसांचा पहारा होता, आणि खर्चापोटी २ लाख ४० हजार रुपये आधी भरायचे होते. सोबत राहणाऱ्या त्यांच्या सहचारिणीच्या फोनवरही इंटरनेट असू नये, अशी अट होती. तिच्यावर कोणताही आरोप नव्हता. मे २०२४ मध्ये जामीन देताना न्यायालयाने पहाऱ्याच्या खर्चापोटी २० लाख रुपये भरण्यास सांगितले. एवढा खर्च सोसू शकणारी घरे या देशात किती, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूत जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या पायात जीपीएस ट्रॅकर बसवण्यात आला. देशातील हा पहिलाच प्रसंग असल्याचे पोलिसांनी सांगितले. याच्या उलट दिशेने जाणारा निकाल ८ जुलै २०२४ रोजी आला. फ्रँक व्हायटस प्रकरणात, आरोपीने आपल्या जागेची गूगल नकाशावरील खूण तपास अधिकाऱ्याला कळवत राहावे ही जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट अनुच्छेद २१ मधील खाजगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल जामिनावरील, म्हणजे दोष सिद्ध न झालेल्या माणसाविषयी आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

दरम्यान केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ साली आदर्श कारागृह व सुधारसेवा कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे. इलेक्ट्रॉनिक ट्रॅकर घालण्याची तयारी असल्यास त्या अटीवर बंद्याला रजा देता येईल आणि अट मोडल्यास रजा रद्द होऊन पुढेही मिळणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. तरतुदीत बोलले आहे ते बंद्याच्या तयारीविषयी. गर्दीचा दबाव आपल्याकडेही मोठा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि बंदी ५,७३,२२० होते. त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, न्यायाधीन बंदी होते. १९८० च्या दशकातील अमेरिकेप्रमाणे पट्टा हा झटपट उपाय वाटावा, अशीच ही स्थिती आहे.

घराच्या संमतीची कल्पना आपल्या नियमांना अगदीच नवी आहे असे मात्र नाही. महाराष्ट्रात फर्लो आणि पॅरोल, म्हणजे संचित रजा आणि अभिवचन रजा, १९५९ च्या नियमांनुसार दिल्या जातात. ज्याला रजेच्या काळात ठेवून घ्यायला राजी असलेला आणि जामीनपत्र लिहून द्यायला तयार असलेला नातेवाईक नाही, त्याला फर्लो देऊ नये, असे त्या नियमांत म्हटले आहे. बंद्याचा अर्ज आला की त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे चौकशी जाते, नातेवाइकाचा जबाब घेतला जातो आणि तो जामीनपत्रावर सही किंवा अंगठा करतो. रजा काही आठवड्यांची असते आणि त्या काळात बंदी घरात कोंडलेला नसतो, म्हणून एवढ्या संमतीवर आजवर काम चालत आले. त्याच बंद्याच्या पायात ट्रॅकर बसला, तर तो रोज चार्ज करायला वीज लागेल, संदेश जायला नेटवर्क लागेल, आणि भारनियमनाच्या रात्री ट्रॅकर बंद पडला तर ठाण्यातून येणाऱ्या फोनला उत्तर द्यायला घरात कोणीतरी जागे लागेल. आजच्या जामीनपत्राच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही.